दोन पथकांचं एक पथक करण्याआधी टेप घेऊन ढोल मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विसर्जनाच्या मिरवणुका आटोपल्या की सांगली-मिरजेत ढोल-ताशा पथकांच्या एकत्रीकरणाचा विषय निघतो. एकाच पेठेत, कधी एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन पथकं. दोघांकडे ढोल पडून आणि वादक अपुरे. सुपारी घेताना एकमेकांचे दर पाडायचे, वर वादकांची पळवापळवी. मग मंडळांचे कार्यकर्ते आणि पथकांतलेच काही जण विचारतात, एकच मोठं पथक का करत नाही? प्रश्न रास्त आहे. पण चर्चा नाव कुणाचं राहणार आणि पथकप्रमुख कोण होणार याभोवतीच फिरते, वाजवण्याच्या अंगाने कुणी बोलत नाही. आमचं मत असं की पथकं वेगळीच राहावीत. सरावाची जागा, सुटं सामान, गाडी आणि तीन-चार हात (वाजवण्याचे ठरलेले ठेके) मात्र सामाईक करावेत. विलीनीकरण एकाच परिस्थितीत करावं, ती पुढे येईल.

सुरुवात आवाजाच्या वेगापासून करावी लागते. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो, पण ढोलाच्या ठोक्यासाठी तो अपुरा पडतो. हरभट रोडसारख्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी असताना ढोलांच्या चारच्या वर रांगा बसत नाहीत. कमरेला बांधलेला ढोल, मागे वाकायला जागा आणि मागच्याचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) पुढच्याच्या पाठीत बसू नये एवढं अंतर धरलं, तर एका ओळीला दीड मीटर लागतोच. चाळीस ढोल म्हणजे दहा ओळी, १५ मीटर. दोन पथकं जोडून ऐंशी ढोल केले की वीस ओळी, ३० मीटर. ताशे पुढे असतात. ताशाचा ठोका शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला ०.०८७ सेकंद लागतात. तिथला वादक ऐकून वाजवतो, म्हणजे तो तेवढा मागे पडतो. त्याचा ढोल पुन्हा पुढे ऐकू यायला तितकाच वेळ जातो. ताशांजवळ उभ्या माणसाला मागचा ढोल जवळपास ०.१७ सेकंद उशिरा ऐकू येतो.

मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा निघून गेला. लय १६० वर चढली की ठोका ०.३७५ सेकंदाचा होतो आणि मागचे ढोल दोन ठोक्यांच्या जवळजवळ मधोमध पडू लागतात. लोक म्हणतात पथक फाटलं. पथकप्रमुख मागच्या ओळीवर ओरडतो. मागची मुलं घाईने पुढे ओढायला बघतात, लय आणखी चढते आणि फाटणं वाढतं. वास्तविक मागच्या ओळीतला प्रत्येक जण ताशा ऐकून बरोबरच वाजवत असतो, त्यामुळे हा दोष जास्त सरावाने जात नाही. १५ मीटरच्या पथकात फरक याच्या निम्मा राहतो. १२० च्या लयीत तो खपून जातो, उलट आवाजाला थोडी जाडी येते.

मोठ्या पथकालाही उपाय आहेत. ताशे रांगेच्या मध्यावर घेतले तर दोन्ही टोकं १५ मीटरवर येतात. दुसरा उपाय म्हणजे ठोका कानाने न घेता डोळ्याने घ्यायचा: मध्यावरच्या टोलवाल्याने (धातूचा टोल वाजवणाऱ्याने) हात डोक्याच्या वर नेऊन मारायचा आणि मागच्या दहा ओळींनी त्याच्याकडे बघून वाजवायचं. मैदानात हे जमतं. रात्री साडेआठला, धूर, गर्दी आणि मंडपांच्या झगमगाटात मागच्या ओळीला टोलवाला दिसतच नाही. चौकातल्या स्थिरवादनाला अर्धवर्तुळ करता येतं, सगळे ढोल ताशांपासून दहा-बारा मीटरच्या आत राहतात, म्हणून ऐंशी ढोलही तिथे एका ठोक्यात बसतात. दोन पथकांचं एकत्र वादन मैदानात झकास होतं ते यामुळेच. ते बघून विलीनीकरण ठरवलं जातं आणि तेच पथक पुढच्या भाद्रपदात पेठेत फाटतं.

एवढं करून मिळतं काय? सारख्या आवाजाचे ढोल दुप्पट केले की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ढोल. त्यात मिरवणुकीत वाढीव ढोल ऐकणाऱ्यापासून लांबच असतात, त्यामुळे ते ३ डेसिबलही पुरते पदरात पडत नाहीत. वादकाच्या कानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक प्रचलित निकष ८५ डेसिबलला ८ तास धरतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतो. १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात. श्रोत्याला जेमतेम कळणारी वाढ अर्धवर्तुळात दाटीने उभ्या वादकाची सुरक्षित वेळ अर्धी करून टाकते. ताशेवाल्यांनी तर कानात फोमचे बोळे घालायलाच हवेत. बोळे घातले की ठोका ऐकू येत नाही ही समजूत चुकीची आहे. तीव्र आवाज दबतो, ठोका कळतोच.

आता ताशाकडे येऊ, कारण पथकं बंद पडतात ती ढोलांअभावी नव्हे. ढोल महिनाभराच्या नियमित सरावात मिरवणुकीला उभा राहतो. ताशा दोन-तीन हंगाम मागतो. काडी उसळू द्यायची, दोन्ही हातांचं वजन सारखं ठेवायचं, रेला (काड्यांचा सलग नाद) न तुटता हात बदलण्याचा इशारा द्यायचा आणि हे सगळं चालता चालता करायचं. साधारण चार-पाच ढोलांमागे एक ताशा लागतो, आणि इशारा देणारा मुख्य ताशा एकच असावा लागतो. दोन पथकं जोडली की ढोल दुप्पट होतात, पण नवा ताशेवाला एकही तयार होत नाही. मुख्य ताशे मात्र दोन होतात. एक जण चार आवर्तनांनी हात बदलणारा, दुसरा मनाला येईल तेव्हा इशारा देणारा. अर्धं पथक एकाच्या सवयीचं, अर्धं दुसऱ्याच्या. फाटण्याचं दुसरं ठिकाण हेच, हात बदलतानाचा सांधा.

हातांच्या नावांवरही विसंबू नये. दोन पथकांत एकाच नावाचा हात वेगळा वाजतो. एकाकडे समेवर (आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर) टिपरू आणि थापी (पंजाची थाप) दोन्ही पडतात, दुसऱ्याकडे समेवर फक्त टिपरू आणि थापी अर्ध्या ठोक्यानंतर. दोन्ही आपापल्या जागी सुरेख वाटतात, एकत्र आले की नुसता खडखडाट. एकत्र वाजवायचंच असेल तर आधी तीनच हात निवडा. मोबाइलवरच्या मेट्रोनोमला (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या ॲपला) मिनिटाला ८० ची लय लावा. पहिल्या दिवशी फक्त टिपरू, थापी नाही. दुसऱ्या दिवशी थापी मिळवा. तिसऱ्या दिवशी ताशे. चौथ्या दिवशी फक्त सांधे घ्या: पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, थांबा, परत. लय १२० वर न्यायची ती यानंतर. बहुतेक ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी सगळे ताशे लावून पूर्ण वेगात सुरू करतात. मुलांना मजा येते आणि चुका पक्क्या होतात.

या निमित्ताने एक सांगायला हवं. दोन पथकं एक झाली की उरतात ते दोघांनी व्हिडिओत बघितलेले पुण्याचे हात. आपल्याकडची हलगी-घुमकं-कैताळाची चाल किंवा जत-आटपाडीकडच्या गजी ढोलाचा ठेका ज्या एखाद्या पथकाने ढोलावर बसवलेला असतो, तो ‘दुसऱ्यांना येत नाही’ म्हणून पहिल्यांदा गळतो.

सामानाचा प्रश्न सोपा वाटतो, पण भांडणं तिथेच होतात. ‘आमचे चाळीस, तुमचे पस्तीस, झाले पंचाहत्तर’ असा हिशोब होत नाही. टेप घ्या आणि प्रत्येक ढोलाच्या पिंपाचा व्यास दोन्ही तोंडांना मोजा. वेगवेगळ्या कारागिरांचे ढोल अर्ध्या-पाऊण इंचाने वेगळे निघतात, मग एकाचं पान (ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा) दुसऱ्याच्या कड्यात बसत नाही आणि सुटी पानं निम्मी निरुपयोगी ठरतात. पान चामड्याचं की फायबरचं, कसणी दोरीची की नट-बोल्टची, हेही नोंदवा. चामडं पावसाळी हवेत ओल धरून सैल पडतं आणि आवाज बसतो. फायबर आहे तसंच राहतं. सुरुवातीला जुळवलेले ढोल एक सर येऊन गेल्यावर दोन पट्ट्यांत वाजू लागतात. मग कुणीतरी ओल्या चामड्याला पूर्ण ताण देतो आणि दुपारी ऊन पडलं की ते पान कडेला फाटतं. चामड्याचे आणि फायबरचे ढोल एका रांगेत मिसळू नयेत. मिसळावेच लागले तर चामड्याचे पुढे, ताशांजवळ ठेवा, म्हणजे कसणाऱ्याचं लक्ष राहतं. कसताना दोरी किंवा नट समोरासमोरच्या जोडीने ओढा. एका बाजूने गोल फिरत गेलं की कडं तिरकं बसतं आणि पान तिथेच जातं.

साठवणीसाठी मात्र दोन पथकांनी एकत्र यायलाच हवं, त्याचं कारण कृष्णामाई. सरावाचे महिने आषाढ-श्रावणाचे आणि पुराचे दिवसही तेच. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातल्या तळमजल्यावरचे ढोल अशा वेळी चार माणसं हलवू शकत नाहीत. पथकांनी मिळून विश्रामबागेच्या बाजूला उंचावर एक खोली भाड्याने घ्यावी आणि ४० फुटांचा इशारा हाच सामान हलवण्याचा इशारा धरावा. ४५ ची वाट बघत बसलं की टेम्पो मिळत नाही. हंगाम संपल्यावर दोऱ्या सैल करून, पिंप आतून कोरडं पुसून, फळीवर ठेवा. ढोलावर ढोल रचायचे तर मधे गोणपाट घाला. पत्र्याचं पिंप ओलं राहिलं की शिवणीपासून गंजतं आणि पुढच्या वर्षी तिथूनच झणझण ऐकू येते.

कायद्याची बाजू कुणी बघत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही बंदीची वेळ. ती ध्वनिक्षेपकाइतकीच उघड्यावरच्या वाद्यांनाही लागू आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे वर्तुळ टाळून मार्ग काढणं सोपं नाही. पुण्याच्या गणेशोत्सवासाठी राष्ट्रीय हरित लवादाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी एका ढोल-ताशा-झांज पथकात ३० पेक्षा जास्त सदस्य नसावेत असा निर्देश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला स्थगिती दिली. पण अशी मर्यादा उद्या इतरत्र किंवा दुसऱ्या स्वरूपात येणारच नाही असं समजून कुणी दीडशे जणांचं पथक उभारू नये. तशी वेळ आली तर चाळीस जणांच्या पथकाला दहा जण बसवावे लागतील, दीडशेच्या पथकाला एकशे वीस.

सांगली जिल्ह्याचं गणपतीचं वेळापत्रकही वेगळ्या पथकांच्या बाजूचं आहे. तासगावचा रथोत्सव ऋषिपंचमीला, सांगली संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी, मिरजेची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीला, आणि मधल्या सात-नऊ दिवसांचे गणपती धरून पेठांतल्या मंडळांच्या मिरवणुका. एका संध्याकाळी दोन ठिकाणी वादन असेल तर दोन पथकं दोन्हीकडे जातात. एकच मोठं पथक एक ठिकाण सोडतं, नाहीतर घाईघाईत दोन तुकड्या करतं, आणि एका तुकडीला मुख्य ताशा राहत नाही. सरावाला येणाऱ्या मुलींचाही विचार करावा. गावभागातली कॉलेजची मुलगी घरापासून पाच मिनिटांवरच्या सरावाला रोज येते. सराव कुपवाडच्या बाजूला गेला की रात्री साडेनऊला परतायचं कसं, हा प्रश्न घरी निघतो आणि तिचं येणं थांबतं.

शेजारी राहायचं तर शेजारधर्मही पाळायला हवा. सध्याच्या पथकांचा मुख्य दोष हा की दोघं एकाच चौकात एकमेकांवर वाजवतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. आपला ताशा १० मीटरवर आणि शेजारचा ८० मीटरवर असेल तर दोघांत १८ डेसिबलचा फरक राहतो, ठोका चुकत नाही. दोन्हीकडे उंच भिंती असलेल्या पेठेत आवाज इतका उतरत नाही, म्हणून तिथे अंतरावर भिस्त ठेवू नये, पाळी लावावी. पुढचं पथक स्थिरवादन करत असताना मागच्याने नुसतं चालायचं, हवं तर झांज हलकी ठेवायची. दहा मिनिटं झाली की पुढच्याने ध्वज उंच करून थांबायचं आणि चौक सोडायचा. ध्वजाची खूण सगळ्या पथकांची एकच असावी; शिट्टी या आवाजात ऐकू येत नाही. सुपारीची किमान रक्कम आणि वादकाने चालू हंगामात पथक न बदलणं, या दोन गोष्टी लेखी कराव्यात. सरावाचं मैदान एकच घेऊन वार वाटून घेतले तर रहिवाशांच्या तक्रारीही कमी होतात. पहिले पंधरा दिवस नव्या मुलांना ढोल देऊच नयेत, जुन्या टायरवर टिपरू चालवायला लावावं. हात तयार होतो आणि कॉलनीची झोप शाबूत राहते.

विलीनीकरण करायचं ते एका पथकाकडे चारपेक्षा कमी ताशेवाले उरले आणि शिकवणाराही नाही तेव्हा. तिथे वेगळेपणाचा हट्ट धरला तर ढोल गंजत पडतात. पण त्यातही पहिला हंगाम दोन्ही ध्वजांखाली, एक मुख्य ताशा ठरवून आणि हिशोबाच्या वह्या वेगळ्या ठेवून काढावा, निर्णय दिवाळीनंतर घ्यावा. बॅनर बदलला म्हणजे विलीनीकरण झालं असं कायद्याने होत नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेला कलम १२ नुसार प्रस्ताव सभासदांना विशेष सभेच्या दहा दिवस आधी द्यावा लागतो. तो तीन पंचमांश मतांनी मंजूर व्हावा लागतो आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच बहुमताने कायम व्हावा लागतो. पथक सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून एकत्रीकरणाची योजना करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हे न करता ढोल आणि बँकखातं एकत्र केलं तर दोन वर्षांनी फाटाफूट झाल्यावर कुठला ढोल कुणाचा हे ठरवायला कागद नसतो. ढोलाच्या पिंपावर आतून रंगाने क्रमांक आणि मूळ पथकाची खूण घालणं हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

महापालिका आणि पोलीस प्रशासनाकडे एकच मागणी आहे. शांतता समितीची बैठक उत्सवाच्या तोंडावर होते, तोवर सुपाऱ्या ठरलेल्या आणि पथकं अडलेली असतात. पथकांची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात, वाद्यपूजनाआधी घ्यावी. त्यात सरावाची मैदानं आणि वार ठरवावेत, प्रत्येक मिरवणुकीतला पथकांचा क्रम चिठ्ठी टाकून लावावा, आणि हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक अशा ठिकाणी एका पथकाला किती मिनिटं हे परवान्यावरच छापून द्यावं.

आपले,
काही ढोल-ताशा प्रशिक्षक,
सांगली-मिरज